मेलेल्या घोड्यावर बसलेला प्रशिक्षक: शंकरपटाच्या मुलखातून एक प्रकरण अभ्यास

२७ फेब्रुवारी २०२१ रोजी आयर्लंडमधला एक फोटो समाजमाध्यमांवर आला. घोड्यांच्या शर्यतीशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांपर्यंतही तो पाहता पाहता पोचला. फोटोत सरावाच्या मैदानावर एक घोडा मरून पडला आहे. त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाय टाकून एक माणूस बसला आहे. फोन कानाला लावलेला, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केलेली, नजर थेट कॅमेऱ्याकडे.

हा माणूस गॉर्डन एलियट, आयर्लंडमधल्या सर्वात यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक. घोड्याचं नाव मॉर्गन, वय सात वर्षं. २०१९ मध्ये सरावात धावताना हृदय बंद पडून तो गेला होता. फोटो तेव्हाचा होता.

धावता धावता घोडा अचानक कोसळणं पशुवैद्यकाला नवीन नाही. हृदयाची लय बिघडते, कधी मोठी रक्तवाहिनी फुटते, आणि बऱ्याचदा शवविच्छेदन करूनही नेमकं कारण हाती लागत नाही. मॉर्गनच्या मृत्यूचा दोष एलियटवर ठेवण्यात आला नाही. त्याला मारलं, उपाशी ठेवलं, आजारी असताना पळवलं, असं काहीही या प्रकरणात नव्हतं. तरीही सात दिवसांत या माणसाचा परवाना गेला, मोठे मालक गेले, जाहिरातदार गेला आणि नाव जगभर नको त्या कारणासाठी झालं.

मी भंडारा-गोंदियाकडच्या गावांत जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. इथे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात आणि पटाच्या बैलांच्या तपासणीला मला बोलावतात. आपल्याकडे पटातल्या जनावराच्या हालांची चर्चा निघाली की ती तुतारीची (हाकायच्या काठीची) टोकदार आर, शेपटी पिरगाळणं आणि काठी यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. एलियटच्या प्रकरणात यातलं काहीच नाही. आपण जिथे थांबतो, त्याच्या पुढे काय आहे हे त्यातून दिसतं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

माणूस आणि त्याचा पसारा

एलियटचा जन्म १९७८ चा, काउंटी मीथमधला. घराण्यात घोडे नव्हते. हौशी जॉकी म्हणून सुरुवात केली आणि मग प्रशिक्षक झाला. २००७ मध्ये त्याच्या सिल्व्हर बर्च या घोड्याने इंग्लंडची ग्रँड नॅशनल जिंकली, तेव्हा तो २९ वर्षांचा होता आणि स्वतःच्या देशात प्रशिक्षक म्हणून त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. ही शर्यत सुमारे ७ किलोमीटरची, ३० अडथळ्यांची. पुढे २०१६ मध्ये त्याच्या डॉन कोसॅक या घोड्याने इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकला. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं टायगर रोलने ग्रँड नॅशनल मारली. असं त्याआधी १९७३ आणि १९७४ मध्ये रेड रम या घोड्याने केलं होतं. म्हणजे ज्या वर्षी टायगर रोलमुळे एलियटचं नाव शर्यतीच्या इतिहासात गेलं, त्याच वर्षातला तो फोटो.

तिकडची व्यवस्था आपल्या पटाच्या माणसाला थोडी उलगडून सांगायला हवी. घोडा विकत घेणारा मालक वेगळा. त्याच्याकडे पैसा असतो, तबेला नसतो. तो घोडा प्रशिक्षकाच्या हवाली करतो आणि दर महिन्याला खर्च देतो. चारा, औषध, नाल, सराव, कोणत्या शर्यतीत उतरवायचं, कधी विश्रांती द्यायची, हे सगळं प्रशिक्षकाच्या हातात. त्याला नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि त्याच्या आवारात जे घडेल त्याचा जाब त्यालाच विचारला जातो. कुलेन्ट्रा हाऊस हे एलियटचं आवार. तिथे मॉर्गन होता गिगिन्सटाऊन या मालकांचा, म्हणजे रायनएअर विमान कंपनी चालवणाऱ्या मायकल ओलीअरी यांच्या घराचा.

पटात असं नसतं. बैल मालकाच्या कोठ्यातच वाढतो. त्याला ढेप-सरकी घालणारा बहुतेक ठिकाणी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असतो किंवा घरची बाई. पटाच्या दिवशी छकड्यावर उभा राहतो धुरकरी, आणि तो कित्येकदा दुसऱ्याच गावचा. दाखला मी देतो. परवानगी जिल्हाधिकारी देतात, ती मागते समिती. बैलाचं बरंवाईट झालं तर या सहा जणांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. हा फरक पुढे कामाला येईल.

सात दिवस

शनिवारी फोटो आला तेव्हा पुष्कळांना तो बनावट वाटला. एलियटने आपल्याला फोटोची कल्पना आहे आणि नियामक मंडळाला आपण सहकार्य करतो आहोत, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो खरा असल्याचं मान्य केलं. त्याचं म्हणणं असं: घोडा नुकताच मेला होता, त्याला हलवण्यासाठी मी तिथे उभा होतो, तेवढ्यात फोन वाजला आणि विचार न करता मी त्याच्यावर बसलो. कोणीतरी हाक मारली, तेव्हा बोलणं होईपर्यंत थांब अशी खूण केली. त्याने मनापासून माफी मागितली.

या खुलाशाने आग विझली नाही, भडकली. लोकांनी तो खोटा मानला म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. उलट तो खरा वाटला, म्हणून. बसायला जागा दिसली आणि माणूस बसला. ज्या जनावराच्या पायांवर घर चालतं ते गेल्यानंतर काही क्षणांत त्याचं बसकण होतं, आणि बसणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. ठरवून केलेल्या चेष्टेपेक्षा लोकांना हे जास्त लागलं.

१ मार्चला ब्रिटनच्या शर्यत मंडळाने चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याच्या घोड्यांना ब्रिटनमध्ये धावायला मनाई केली. बेटफेअर या सट्टा कंपनीने त्याच्याशी असलेला जाहिरातीचा करार मोडला. शेव्हली पार्क या मोठ्या मालकांनी आपले घोडे त्याच्याकडून काढून घेतले. त्यात तोवर एकही शर्यत न हरलेला एन्व्हॉय ॲलन होता, सर जेरहार्ड होता, क्विलिक्सिओस होता. चेल्टनहॅमचा महोत्सव १६ मार्चला सुरू होणार होता. वर्षभर ज्या चार दिवसांसाठी राबायचं, त्यांच्या तोंडावर तबेल्यातली रत्नं दुसऱ्यांच्या दारी गेली. सर जेरहार्ड आणि क्विलिक्सिओस त्याच महोत्सवात जिंकलेसुद्धा, पण नव्या प्रशिक्षकांच्या नावावर.

मॉर्गनच्या मालकांनी मात्र एलियटची साथ सोडली नाही. ही गंभीर चूक आहे, पण क्षणाची आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि माफी स्वीकारली.

५ मार्चला कररा इथे आयर्लंडच्या नियामक मंडळाच्या समितीपुढे सुनावणी झाली. निकाल त्याच दिवशी आला. १२ महिन्यांची बंदी, त्यातले ६ महिने स्थगित, आणि १५,००० युरो खर्चापोटी. बंदी ९ मार्चपासून लागू झाली. तबेला बंद पडला नाही. डेनिस फॉस्टर या अनुभवी महिला प्रशिक्षकाने तात्पुरता परवाना घेऊन काम सांभाळलं आणि त्या महोत्सवात टायगर रोल तिच्या नावावर जिंकला. आवारातल्या गड्यांची रोजी गेली नाही. शिक्षा ज्याची त्यालाच झाली, हे मला या निकालातलं सर्वात शहाणपणाचं अंग वाटतं.

ती पुरेशी होती का? माझ्या मते कमी पडली. अडथळ्यांच्या शर्यतींचा मुख्य हंगाम तिकडे हिवाळ्यात असतो. ९ मार्च ते ९ सप्टेंबर या काळात चेल्टनहॅम आणि ग्रँड नॅशनल गेली हे खरं, पण त्यानंतरचे महिने मंदीचेच असतात. हंगाम भरात येण्याआधी एलियट परत आला होता. मार्च २०२२ मध्ये चेल्टनहॅमला त्याच्या डेल्टा वर्क या घोड्याने त्याच्याच टायगर रोलला, टायगर रोलच्या आयुष्यातल्या शेवटच्या शर्यतीत, मागे टाकलं. गाडी रुळावर आली होती.

आरोप कशाचा होता

इथे या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून थोडं थांबतो.

एलियटवर प्राण्यांशी क्रूर वागल्याचा आरोप नव्हता. नियम २७२ खाली आरोप होता तो शर्यतीच्या सचोटीला, योग्य वर्तनाला आणि लौकिकाला बाधा आणल्याचा. क्रूरतेचा आरोप ठेवताच आला नसता. क्रूरतेचा कायदा वेदनेवर उभा असतो आणि मेलेल्या घोड्याला वेदना नसते. उलट, मंडळाच्या पशुवैद्यकांनी न सांगता आवारात जाऊन केलेल्या तपासणीत घोड्यांची देखभाल चांगली आढळली होती, आणि तेही समितीपुढे आलं.

म्हणजे जिवंत घोड्यांचं सगळं ठीक, आणि मेलेल्या एका घोड्यापाशी माणूस पडला. वरवर पाहता हा अन्याय वाटू शकतो. शर्यतीत अडथळ्यावरून पडून घोडे मरतात तेव्हा कोणाचा परवाना जात नाही, आणि कोणाला काही न दुखवणाऱ्या एका बैठकीसाठी जातो! असा युक्तिवाद तिकडेही झाला. मला तो पटत नाही. शर्यतीतला मृत्यू लोक सहन करतात, कारण त्यांची अशी समजूत असते की या माणसांचा आपल्या घोड्यावर जीव आहे, ते त्याला जपतात आणि तो गेला तर त्यांना दुःख होतं. ही समजूत हाच त्या धंद्याचा खरा परवाना. फोटोने नेमकी तीच मोडली. देखभाल उत्तम असू शकते आणि आदर शून्य असू शकतो, कारण महागडं यंत्रही माणूस उत्तमच सांभाळतो.

समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि गावकीत राहणाऱ्या माणसाने ती लक्ष देऊन वाचावी. फोटो बाहेर येणं हा एलियटवर ठरवून केलेल्या हल्ल्याचा भाग आहे आणि त्यात काहीतरी कुटिल आहे, असं समितीचं मत झालं. म्हणजे वैऱ्याने डाव साधला हे समितीला दिसलं. तरीही तिने शिक्षा दिली. कोणी पसरवलं हा प्रश्न वेगळा आणि काय केलं हा वेगळा. आपल्याकडे पटातला मारझोडीचा व्हिडिओ फिरला की पहिली चर्चा असते ती कोणत्या पार्टीच्या माणसाने काढला याची, आणि त्या गदारोळात बैल बाजूला राहतो.

आणि माझ्या मनात घोळत राहणारी गोष्ट ही: फोटो २०१९ चा, उजेडात आला २०२१ मध्ये. एलियट स्वतःचा फोटो स्वतः काढत नव्हता. समोर कोणीतरी फोन धरून उभं होतं आणि हाक मारणाराही कोणीतरी होता. त्या क्षणी “उठा साहेब, हे बरं दिसत नाही” असं म्हणणारं कोणी निघालं नाही. मालक समोर असताना गड्याच्या तोंडून असं वाक्य निघणं किती अवघड असतं, हे कोठ्यात राबणाऱ्याला सांगायला नको.

त्याच मार्चमध्ये दुसरा व्हिडिओ निघाला. २०१६ मधला, एक हौशी जॉकी मेलेल्या घोडीच्या अंगावर चढल्याचा. त्यालाही १२ महिन्यांची बंदी झाली, त्यातले ८ महिने स्थगित. तेव्हा एकट्या एलियटचं डोकं फिरलं होतं असं म्हणता येत नाही. मरण रोजचं झालं की मेलेल्या जनावराभोवतीची सीमारेषा पुसट होते, आणि आतल्या माणसांना ती पुसट झाल्याचं कळत नाही. बाहेरच्यांना दिसतं. बाहेरच्यांना घोड्यातलं काय कळतं, असं आतल्यांनी म्हणणं सोपं असतं. या वेळी बाहेरच्यांची नजर बरोबर होती.

पटाच्या गावात

धानाची कापणी-मळणी उरकली की आमच्याकडे पटाचे दिवस येतात. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. सोयरिकी इथेच जुळतात. तिकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटाचा बोलबाला आहे. हा उत्सव बंद पडावा असं मला कधी वाटलं नाही. तो बंद पडला होता तेव्हा गावांचं काय झालं तेही मी पाहिलं आहे. २०११ मध्ये केंद्राने कसरतीसाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती अवैध ठरवल्या. २०१७ मध्ये राज्याने प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, पण प्रत्यक्ष परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ ला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

त्यासोबत नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, ५०,००० रुपयांची अनामत, धाव १,००० मीटरच्या आत, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबूक-आर-विजेचा झटका यांना बंदी, सगळ्याचं चित्रीकरण. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. मूळचा १९६० चा केंद्रीय कायदा पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड सांगतो, हे लक्षात घेतलं तर राज्याची दुरुस्ती कडक आहे. हे नियम चांगले आहेत आणि पाळले पाहिजेत. पण ते सगळे एका दिवसाचे आहेत. बैल मैदानात येतो तेव्हा सुरू होतात आणि टेम्पोत चढतो तेव्हा संपतात.

माझाच दाखला घ्या. जोडी रात्रभर टेम्पोत उभी राहून पहाटे दुसऱ्या जिल्ह्यातून येते. मी खांदा चाचपतो, खुरं पाहतो, ताप घेतो, शेपटीचे मणके तपासतो, अंगावर टोचल्याच्या खुणा शोधतो. बैल सकाळी ठीक आहे एवढंच मला सांगता येतं. आदल्या महिन्यात त्याला काय पाजलं, सरावात कसा पळवला, पुढच्या महिन्यात तो कुठे असेल, यातलं काही मला दिसत नाही. आयर्लंडचा पशुवैद्यक तबेल्यात न सांगता जाऊ शकतो, कारण परवाना त्या आवाराला आणि त्या माणसाला दिलेला असतो. आपल्याकडे परवानगी कार्यक्रमाला असते.

एलियटचं हे प्रकरण मी एका गावच्या पट समितीच्या बैठकीत मांडलं. त्या गावातलं किंवा शेजारच्या गावातलं उदाहरण घेतलं असतं तर चर्चा जोडी कोणाची यावरच अडली असती. फोटोचं वर्णन ऐकून एक म्हातारे धुरकरी म्हणाले, “मेल्यावर कायचं दुखते जी, डॉक्टरसाहेब? जित्तेपणी मारलं असतं त गोष्ट येगळी.” काही माना डोलल्या. समितीच्या अध्यक्षांच्या घरच्या बाई चहा देऊन दाराशी थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आमचा बैल गेला त्या दिवशी आमच्या घरी चूल नाही पेटली, बाबाजी.” मग कोणी बोललं नाही, आणि म्हाताऱ्या धुरकऱ्यानेच विषय पुढे नेला. त्यांच्या तरुणपणी वावरात खड्डा खणून, मीठ घालून बैल कसा पुरत, काही घरी तेरवी कशी होई, हे ते सांगू लागले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच बाई बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात. तो संस्कार खरा आहे, दिखाऊ नाही. म्हणूनच मी पुढचा प्रश्न विचारला: घरच्या नांगराच्या बैलाला हे सगळं मिळतं, पटाच्या बैलाचं काय? लाखांत घेतलेला बैल दोन-तीन हंगाम पळतो. वेग गेला की किंमत जाते. नांगराला तो लागलेला नसतो. बाजारात जातो, दोन-तीन हात बदलतो, आणि शेवटी कोणाच्या दावणीला आहे हे मूळ मालकाला माहीत नसतं. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे भाकड बैलाला घेणारा कमी आणि सोडून देणारा जास्त. ज्याच्या नावाने गावभर फटाके फुटले तो बैल कुठल्याशा रस्त्यावर मोकाट मरतो. त्याच्यावर कोणी बसत नाही, फोटोही निघत नाही. पण अनादर तोच आहे.

आयर्लंडमध्येही गोष्ट इथवर पोचलीच. जुलै २०२१ मध्ये बीबीसीच्या एका शोधकार्यक्रमाने शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात जात असल्याचं दाखवलं. त्यातले तीन पूर्वी एलियटच्या तबेल्यात होते. आपण त्यांना कत्तलखान्यात पाठवलं नाही, दुखापतीमुळे निवृत्त झाल्यावर ते दुसऱ्यांकडे दिले होते, असं एलियटने सांगितलं. त्याचं म्हणणं खरं मानलं तरी प्रश्न उरतोच: दिल्यानंतर ते कुठे गेले, हे पाहणं कोणाचं काम होतं? फोटोवर आठवड्यात निकाल देणाऱ्या व्यवस्थेकडेही याचं सरळ उत्तर नव्हतं.

बैठकीतला सूर इथे बदलला. फोटोबद्दल सगळ्यांचं एकमत झालं होतं, निवृत्त बैलाबद्दल होईना. एका जोडीमालकाने स्पष्ट सांगितलं, “इकला म्हणजे इकला. मंग त्याचं काय होते ते घेणाऱ्यानं पाहावं.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कापसाला भाव नाही, धानाला बोनसची वाट पाहायची, अशा घरात पळत नसलेला बैल पोसणं ही थोडीथोडकी गोष्ट नाही. पण ज्या घरात पटाच्या बैलासाठी रोज ढेप, अंडी, तूप आणि राखण्याला वेगळा माणूस असतो, तिथे त्याच बैलाच्या म्हातारपणासाठी काही बाजूला काढता येत नाही, हे मला मान्य नाही.

काय ठरलं, काय अडलं

समितीने एक वही करायचं ठरवलं. आता बहुतेक जनावरांच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो, त्यामुळे बैल ओळखणं सोपं आहे. वहीत बिल्ल्याचा क्रमांक, मालकाचं नाव, रोज चारापाणी करणाऱ्याचं नाव आणि त्या दिवशीच्या धुरकऱ्याचं नाव येईल. सालदाराचं नाव यावं हा माझा आग्रह होता, कारण बैल लंगडतो हे सर्वात आधी त्याला कळतं आणि त्याला विचारणारं कोणी नसतं. “आज बैल पळवू नका” असं मालकासमोर म्हणण्यासाठी त्याला कागदावरचा आधार हवा. हे सगळ्यांनी मानलं. मेल्यावर काय लागते म्हणणाऱ्या त्या धुरकऱ्यांनी स्वतःचंही नाव लिहा म्हणून सांगितलं आणि बोलून दाखवलं की बक्षिसाच्या वेळी मालकाचं नाव पुकारतात, मग बैलाला लागलं तर धुरकऱ्याचंही पुकारावं.

मधल्या महिन्यांत न सांगता कोठ्यावर येण्याची मुभा मी मागितली. काही मालकांनी लगेच हो म्हटलं, काहींनी फोन करून या असं सांगितलं. फोन करून गेलो तर उपयोग काय, हे त्यांनाही ठाऊक आहे. तूर्त ज्यांनी हो म्हटलं त्यांच्याकडे जातो आहे. बैल मैदानाबाहेर मेला, टेम्पोत किंवा परतल्यावर कोठ्यात, तर दोन दिवसांच्या आत समितीला आणि मला कळवायचं, शवविच्छेदन होऊ द्यायचं आणि जनावर रीतीप्रमाणे पुरायचं, हेही लिहून झालं.

अडलं ते एका रकान्यावर: “मागच्या हंगामातला बैल आता कुठे आहे?” अध्यक्षांना तो काढून टाकायचा आहे. हे विचारलं तर नामांकित जोड्या आपल्या पटाला येणार नाहीत, शेजारच्या गावी जातील, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि तसं होऊही शकतं. उपाय म्हणून मी शेजारच्या दोन गावांच्या समित्यांनाही हाच रकाना घ्यायला सांगतो आहे, म्हणजे जोडी कुठेही गेली तरी प्रश्न टळणार नाही. एका गावाने विचार करतो म्हटलं आहे, दुसऱ्याची बैठक पोळ्यानंतर आहे. तोवर वहीत तो रकाना छापून घ्यावा, कोरा राहिला तरी चालेल, यासाठी मी भांडतो आहे.